काचेवरची धुळाक्षरे



पाटीपेन्सिल हाती देण्यापूर्वी मुलाकडून धुळीवर बोटाने अक्षरे गिरवून घेण्याची चाल आपल्याकडे होती. त्या धुळाक्षरांत एक मोठी सोय असे : चुकले तर हात फिरवावा, की पाटी पुन्हा कोरी. आज साठी-सत्तरी ओलांडलेली अनेक माणसे टॅब्लेट नावाची काचेची पाटी प्रथमच हाती घेत आहेत. आणि त्यांना भय वाटते ते नेमके चुकण्याचे. ते कसे घालवावे, एवढाच आजच्या भाषणाचा विषय.

ज्या बंगळूर शहरातून मी बोलतो आहे, तेथे या प्रश्नाचा विचार फार लवकर झाला. भारतीय विज्ञान संस्थेतील विजय चंद्रू, स्वामी मनोहर, व्ही. विनय व रमेश हरिहरन आणि एन्कोर सॉफ्टवेअरचे विनय देशपांडे प्रभृतींनी 'सिम्प्युटर' हा हातात मावणारा संगणक घडवला. २००१ साली त्याचा नमुना लोकांपुढे आला. २००४ साली तो बाजारात आला. पडद्यावर बारीक काडी टेकवून त्यावर काम चाले, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला मजकूर भारतीय भाषेत ऐकवण्याची सोय त्यात होती. एकच यंत्र अनेक गावकऱ्यांनी वापरावे, प्रत्येकाने आपली माहिती आपल्या स्मार्ट कार्डावर ठेवावी, अशी ती कल्पना. त्याचा खप अपेक्षेइतका झाला नाही. परंतु माणसाने यंत्रापुढे दबू नये, यंत्रानेच माणसाजवळ यावे, हा त्यामागील विचार शिकवणाऱ्याने ध्यानी धरावा असा आहे.

घरोघरी काय घडते? नातू आजोबांच्या हातून टॅब्लेट घेतो, चार ठिकाणी बोटे चालवतो आणि "झालं, आजोबा!" म्हणून परत देतो. काम होते, विद्या राहून जाते. म्हणून पहिला नियम असा, की शिकवणाऱ्याने आपले हात मागे ठेवावेत. बोट शिकणाऱ्याचेच चालावे.

आधी भाषा मराठी करावी आणि अक्षर मोठे करावे. मग स्पर्श शिकवावा. ही काच दाब ओळखत नाही. बोटाच्या स्पर्शाने तिच्यावरील विद्युतभारात होणारा सूक्ष्म बदल ओळखते. म्हणून नख टेकवून किंवा जोर लावून उपयोग नसतो. कोरड्या बोटाचा हलका स्पर्श पुरे. त्यानंतर बोट सरकवून पान पुढे नेणे, दोन बोटे फाकवून चित्र मोठे करणे, आणि कोठेही वाट चुकली तरी आरंभीच्या पानावर परत येणे. ही परतीची वाट दहा वेळा गिरवून घ्यावी. भय तेथेच सरते.

मात्र एक भेद स्पष्ट सांगावा. वाट चुकणे हे धुळाक्षर आहे, ते पुसता येते. पैसे पाठवणे आणि आपला गुप्त क्रमांक दुसऱ्यास सांगणे या गोष्टी सहजासहजी पुसता येत नाहीत. तेथे थांबावे, पुन्हा वाचावे.

पूर्वी निरक्षर माणसाला आपले खाजगी पत्रही दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागे. आज सुशिक्षित निवृत्त गृहस्थावरही पेन्शनच्या हिशेबासाठी तीच पाळी येते. आपला व्यवहार आपल्या बोटाने करता येणे ही स्वाभिमानाची बाब आहे. ती त्यांना मिळवून देण्यासाठी घरातील तरुणांनी रोज अर्धा तास द्यावा, आणि तो घाई न करता द्यावा, एवढेच माझे सांगणे आहे.