तिकिटं विकणारा नायक

श्रोतेहो, जत्रेत तमाशाचा फड लागला, की सोंगाड्याच्या एकेका बोलावर आपण पोट धरून हसतो. पण घरचा पोरगा सोंगं करू लागला, की लगेच विचारतो, "लेका, पोटाला काय खाशील?" प्रश्न खोटा नव्हे. माण-खटावच्या कोरड्या मुलखात तो आधी विचारावाच लागतो. एका माणसानं त्याचं उत्तर जन्मभर राबून दिलं. त्याचं नाव राजा गोसावी.

माणला लागून खटाव तालुका. तिथल्या सिद्धेश्वर कुरोलीत २८ मार्च १९२५ रोजी गोसाव्यांचा जन्म झाला. नट होण्याच्या ओढीनं ते घराबाहेर पडले. पण मिळालं काय? मास्टर विनायकांच्या घरी घरगड्याचं काम! पुढं त्यांच्या प्रफुल्ल पिक्चर्समध्ये शिपायाचं काम केलं, सुतारकाम केलं, रंगभूषा शिकली, गर्दीतला नट म्हणून उभे राहिले. कुठलंच काम हलकं मानलं नाही. त्यानंतर पुण्याच्या भानुविलास थिएटरवर तिकिटं विकायची नोकरी धरली.

अशात १९५२ साली 'लाखाची गोष्ट' पडद्यावर आली. दिग्दर्शक राजा परांजपे, आणि लेखणी कुणाची? आपल्या माणदेशच्या ग. दि. माडगूळकरांची! फाटक्या खिशाच्या दोन तरुणांना ठरल्या मुदतीत लाख रुपये खर्चायचे आहेत आणि ते काही केल्या संपत नाहीत, अशी ती गंमत. त्यांतले एक तरुण म्हणजे गोसावी. चित्रपट लागला भानुविलासला. म्हणजे पाहा मंडळी, खिडकीत तिकीट देणारा तोच, आणि आत पडद्यावर हसवणाराही तोच!

नाव झालं, तरी नाटक त्यांनी सोडलं नाही. 'डार्लिंग डार्लिंग'सारख्या नाटकांनी त्यांनी पुढच्या पिढीलाही हसवलं. २८ फेब्रुवारी १९९८ रोजी पुण्याच्या भरत नाट्यमंदिरात प्रयोगासाठी तोंडाला रंग लावत असतानाच त्यांचा अंत झाला.

त्यांचा चेहरा चारचौघांसारखा. गडबडलेला, भाबडा, खिसा चाचपणारा माणूस ते उभा करीत, आणि बघणाऱ्याला तो आपल्याच आळीतला वाटे. गरिबी त्यांनी सोसली होती. म्हणून तिची गंमत त्यांना दाखवता आली, टिंगल करावी लागली नाही.

गुरुजी, तुमच्या वर्गात कुणी तुमचीच नक्कल करताना सापडला, तर छडी जरा बाजूला ठेवा. त्याला गॅदरिंगात उभा करा. आणि एवढं मात्र सांगा, "बाबा, पडदा बांधायला आणि सतरंज्या घालायलाही तूच यायचं बरं का!"