कौलं चाळली कुणी, कोरडं राहिलं कोण?

वेळ थोडा आहे, म्हणून सरळ पैशाचंच बोलते. पोरींची लग्नं लवकर करू नका, हे सांगायला मी आलेली नाही. ते तुम्हाला ठाऊक आहे. ऐकत नाही, ही गोष्ट वेगळी! मला बोलायचंय ते सिव्हिल हॉस्पिटलच्या जमाखर्चाबद्दल.

२०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी ७.६ टक्के मुली आई झालेल्या किंवा गरोदर होत्या. अशा पोरीच्या अंगात बहुधा रक्त कमी, बाळ दिवस भरण्याआधी येण्याची भीती जास्त. बाळ अठराशे ग्रॅमच्या आत भरलं की त्याची रवानगी एसएनसीयूत, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या खास कक्षात, ऊब देणाऱ्या वॉर्मरखाली. तिथला मुक्काम कधी कधी आठवड्यांचा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमामुळे २०११पासून सिझेरियन, रक्त, औषधं, आईचं जेवण, आजारी बाळाचे उपचार सगळं मोफत. असायलाच हवं. पण मोफत म्हणजे फुकट नव्हे, खर्च होतोच.

त्याच आवारात, अशी लवकरची बाळंतपणं टाळायला मदत करणारं, किशोरवयीनांचं मैत्री क्लिनिक असतं. एक समुपदेशक, दोन खुर्च्या, लोहाच्या गोळ्या. खर्चाच्या तक्त्यात त्याची ओळ वेगळी, एसएनसीयूची वेगळी. गोम इथेच आहे.

असं समजा, एका एकत्र कुटुंबात थोरल्यानं पावसाळ्याआधी पदरच्या पैशानं कौलं चाळून घेतली. पाऊस आला, धाकट्याची खोली कोरडी राहिली. दिवाळीत वडील हिशेबाला बसले, तर थोरल्याच्या नावावर खर्च, धाकट्याच्या नावावर काहीच नाही! वडील म्हणाले, थोरला उधळ्या. पुढच्या वर्षी गवंड्याला बोलावलंच नाही. मैत्री क्लिनिक म्हणजे हा थोरला, एसएनसीयू म्हणजे धाकटा. टळलेल्या बाळंतपणाची पावती फाटत नाही हो!

कुणी म्हणेल, वॉर्मर रिकामा राहिला तरी सिस्टरचा पगार चालूच ना? चालूच. पण मग एका वॉर्मरवर दोन बाळं ठेवावी लागत नाहीत. ही बचत रुपयांत दिसत नाही, म्हणून पुन्हा सांगते: दोन्ही ओळी एकत्र वाचा. समुपदेशकाची जागा रिकामी ठेवून पैसे वाचले असं लिहिणाऱ्यानं आधी शेजारच्या वॉर्डात डोकावावं.

आणखी एक. गरोदर मुलगी अठराच्या आतली असली की पोक्सो कायद्यानं हॉस्पिटलला पोलिसांना कळवावं लागतं. त्या धाकानं घरचे तिला तपासणीला आणतच नाहीत, आणतात ते थेट कळा सुरू झाल्यावर. तेव्हा खर्च किती वाढतो, ते... बरं, मिनिटं संपली म्हणताहेत.