जिल्ह्याच्या बैठकीत आपल्या शहराची खुर्ची
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सोसायटीच्या एका ज्येष्ठ सभासदाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



सचिवांनी मला सांगितलं की, काका, तुम्ही नियोजनाच्या कामात नोकरी केली, तर त्यातलंच काहीतरी सांगा, पण झोप येणार नाही असं सांगा. दोन्ही अटी एकदम पाळणं अवघड आहे. तरी प्रयत्न करतो.

आपली सोसायटी नोंदली गेली १९९९ साली. त्याच वर्षी १ मे रोजी हिंगोली आपल्यापासून वेगळी होऊन नवा जिल्हा झाला. तेव्हा परभणीला नगरपरिषद होती. १ नोव्हेंबर २०११ ला महानगरपालिका झाली. 'जगात जर्मनी अन् भारतात परभणी' म्हणणाऱ्यांना त्या दिवशी फार आनंद झाला होता. नगरपालिकेची महानगरपालिका झाली, नगराध्यक्षांच्या जागी महापौर आले. २०१७ च्या निवडणुकीत आपण ६५ नगरसेवक निवडून दिले. त्यातले आपल्या प्रभागातले कोण, हे इथल्या बहुतेकांना आठवत असेल. पण मी दुसरा प्रश्न विचारतो. त्या ६५ जणांतून जिल्हा नियोजन समितीवर कोण गेलं होतं, हे किती जणांना सांगता येईल?

हात वर करू नका. मला उत्तर माहीत आहे.

ही समिती काय आहे, ते आधी थोडक्यात सांगतो. १९९३ साली ७४ वी घटनादुरुस्ती लागू झाली. तिच्यामुळे नगरपालिकांना राज्यघटनेत जागा मिळाली, हे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असतं. त्याच दुरुस्तीत २४३-झेडडी नावाचं एक कलम आहे, त्याच्याकडे फारसं कुणी बघत नाही. ते कलम म्हणतं की प्रत्येक जिल्ह्यात एक नियोजन समिती असावी. गावांनी आणि शहरांनी आपापल्या योजना कराव्यात आणि या समितीने त्या एकत्र करून पूर्ण जिल्ह्याच्या विकास योजनेचा मसुदा तयार करावा. पाण्याचं वाटप, जमिनीचा वापर, रस्ते आणि इतर पायाभूत सोयी, पर्यावरण, असे जे विषय गाव आणि शहर दोघांचे मिळून आहेत, ते तिथे बघायचे. आपल्या राज्याने यासाठी १९९८ साली कायदा केला. पालकमंत्री समितीचे अध्यक्ष आणि जिल्हाधिकारी सदस्य-सचिव, ही रचना तेव्हापासूनची.

आता महत्त्वाचा भाग. या समितीचे पाचातले चार सदस्य निवडून आलेले असावेत, असं घटना सांगते. ते तुम्ही-आम्ही थेट निवडत नाही. जिल्हा परिषदेचे सदस्य आपल्यातून निवडतात, नगरसेवक आपल्यातून निवडतात. कुणाचे किती, हे ग्रामीण आणि नागरी लोकसंख्येच्या प्रमाणावर ठरतं. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १८ लाख ३६ हजार होती आणि त्यातले ३१ टक्क्यांच्या आसपास लोक शहरांत राहत होते. म्हणजे निवडून येणाऱ्या दहा जागांमधल्या साधारण तीन नागरी भागाच्या. त्या तिनांत पुन्हा महानगरपालिका आली, गंगाखेड, सेलू, मानवत, पाथरी, जिंतूर, पूर्णा, सोनपेठ या नगरपरिषदा आल्या आणि पालमची नगरपंचायतही आली. त्या वेळी परभणी शहराचीच वस्ती ३ लाखांच्या वर होती. एवढ्या माणसांचं म्हणणं जिल्ह्याच्या बैठकीत मांडायला मोजक्या खुर्च्या. म्हणून त्या खुर्चीवर कोण बसतं आणि बसून काय करतं, याची आपल्याला चौकशी पाहिजे.

कुणी म्हणेल, महानगरपालिकेचं स्वतःचं बजेट आहे, मग जिल्ह्याच्या समितीचं काय काम? काम आहे. जिल्हा वार्षिक योजनेतून शहरालाही पैसा येतो. नगरोत्थानची जिल्हास्तरावरची कामं, नागरी दलितेतर वस्ती सुधार योजनेतले रस्ते-नाल्या, दलित वस्त्यांच्या सुधारणेची कामं, यांचा निधी नियोजन समितीच्या वाटेने येतो. आपल्या भागात एखाद्या सिमेंट रस्त्याच्या उद्घाटनाचा फलक लागतो, त्यावर योजनेचं नाव बारीक अक्षरात असतं. ते एकदा वाचून बघा.

पैशापेक्षा मोठी गोष्ट पाण्याची आहे. आपल्या नळाला येलदरीचं पाणी येतं. येलदरी आहे जिंतूर तालुक्यात, पूर्णा नदीवर. त्याच नदीवर खाली सिद्धेश्वर धरण आहे, ते हिंगोली जिल्ह्यात. त्या प्रकल्पाच्या कालव्यांवर परभणी, हिंगोली आणि नांदेड या तिन्ही जिल्ह्यांची शेती आहे. म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातल्या माठात जे पाणी आहे, त्याच्यावर धरणाच्या काठची गावं, कालव्याच्या शेवटच्या टोकाचा शेतकरी आणि शेजारचे जिल्हे, सगळ्यांचा हक्क आहे. महापालिकेने कितीही मोठी पाइपलाइन टाकली तरी पाणी किती आणि केव्हा, हे एकटी महापालिका ठरवू शकत नाही. अशा गोष्टींसाठीच शहर आणि जिल्हा एका ठिकाणी बसले पाहिजेत.

इथे एक अवघड प्रश्न येतो. आपला नगरसेवक त्या समितीवर गेला, तर तो कुणाचा माणूस? आपल्या प्रभागाचा, शहराचा की जिल्ह्याचा? प्रभागाचा म्हटला तर तो आपल्या गल्लीच्या दोन कामांची यादी घेऊन जाईल आणि तेवढी मंजूर झाली की गप्प बसेल. जिल्ह्याचा म्हटला तर शहराची बाजू कोण मांडणार? माझं उत्तर असं आहे की, त्याने शहराचं गाऱ्हाणं पूर्ण ताकदीने मांडावं, आणि हात वर करताना जिल्ह्याचा विचार करावा. हे परभणीकराला जमण्यासारखं आहे. इथे बसलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त घरांची शेती जिंतूर, सेलू, पूर्णा, मानवत या तालुक्यांत आहे. सकाळी नळाला पाणी आलं नाही म्हणून ओरडणारा माणूस संध्याकाळी गावाकडे फोन करून विचारतो, "कालव्याला पाणी सोडलं का रे?" नळ आणि कालवा ही भांडणाची दोन टोकं आपल्या एकाच घरात आहेत. मग ती समजून घेणारा प्रतिनिधी आपल्याला का मिळू नये?

मी नोकरीत अशा बैठकांची टिपणं आणि इतिवृत्तं वर्षानुवर्षं लिहिली. जिल्हा सांगत नाही, नावं सांगत नाही. बैठकीचा क्रम सगळीकडे सारखाच. मागच्या बैठकीचं इतिवृत्त कायम करायचं, अनुपालन अहवाल वाचायचा, झालेल्या खर्चाचा आढावा, पुढच्या वर्षाचा प्रारूप आराखडा, आणि शेवटी ऐनवेळचे विषय. त्यात मी एक बघितलं. जो सदस्य कागद घेऊन यायचा, कामाचं नाव, ठिकाण, कोणत्या योजनेत बसतं हे लिहून आणायचा, त्याचा मुद्दा इतिवृत्तात जायचा. इतिवृत्तात गेला की पुढच्या बैठकीत अनुपालन अहवालात त्याचं उत्तर द्यावंच लागायचं. जो नुसताच तावातावाने बोलायचा, त्याच्या भाषणाला टाळ्या पडायच्या, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो यायचा, आणि इतिवृत्तात एक ओळ, "सदस्यांनी रस्त्यांबाबत भावना व्यक्त केल्या." भावनेला निधी मंजूर होत नाही.

मार्चअखेरचं गणितही तसंच. निधी वेळेत खर्च झाला नाही तर हातचा जातो. ज्याचं अंदाजपत्रक तयार, तांत्रिक मान्यता झालेली, जागेचा वाद नाही, त्याचं काम पुढे सरकतं. मागणी खरी असूनही कागद नसल्यामुळे मागे राहिलेल्या वस्त्या मी पाहिल्या आहेत.

आता अलीकडच्या काळातली परिस्थिती. २०२२ च्या मे महिन्यात आपल्या महापालिकेची मुदत संपली. जिल्हा परिषदेची त्याआधीच संपली होती. इतर मागासवर्गीयांचं आरक्षण आणि प्रभागरचना यांचा वाद सर्वोच्च न्यायालयात असल्यामुळे राज्यभरच्या निवडणुका थांबल्या. त्यानंतर अडीच वर्षांहून अधिक काळ इथे प्रशासक होते. प्रशासकांनी काम केलं, मी त्यांना नावं ठेवत नाही. पण नियोजन समितीवर नगरसेवक म्हणून निवडून जायचं तर आधी नगरसेवक असावं लागतं. नगरसेवकपद गेलं की समितीवरची जागाही जाते. म्हणजे घटनेने पाचातले चार म्हणून ज्या खुर्च्या सांगितल्या, त्या प्रशासकांच्या काळात रिकाम्या राहिल्या. पालकमंत्री होते, आमदार-खासदार होते, अधिकारी होते. पण शहराने आपल्यातून निवडून पाठवलेला माणूस तिथे नव्हता.

दुसरी एक खुर्ची त्याआधीच गेली. गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषदेने वर्षानुवर्षं लावून धरल्यानंतर, घटनेच्या ३७१ (२) कलमाखाली १९९४ साली मराठवाडा वैधानिक विकास मंडळ झालं. त्या मंडळावर या भागातल्या स्थानिक स्वराज्य संस्थेच्या एका सदस्यालाही जागा होती. ३० एप्रिल २०२० ला त्याची मुदत संपली. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये ते पुन्हा स्थापावं अशी शिफारस राज्य मंत्रिमंडळाने केली, पण मंडळ अजून उभं राहिलेलं नाही. मराठवाड्याची खुर्ची गेली आणि जिल्ह्याची त्या काळात रिकामी राहिली. मागासलेपणाबद्दल आपण चहाच्या टपरीवर रोज बोलतो. बोलण्याची अधिकृत जागा मात्र बंद पडली, त्याची ओरड कुणी केली नाही. मला याचं वाईट वाटतं.

सगळीकडे असंच असतं असं नाही. केरळमध्ये जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष मंत्री नसतात, जिल्हा पंचायतीचे निवडून आलेले अध्यक्ष असतात. १९९६ पासून तिथे राज्याच्या योजनेतला मोठा वाटा सरळ स्थानिक संस्थांकडे देण्याची सुरुवात झाली, आणि लोकांनी ग्रामसभांत, वॉर्डसभांत बसून कामांच्या याद्या केल्या. घटनेचं कलम तेच आहे.

आता तुम्ही म्हणाल, काका, हे सगळं खरं, पण आम्ही काय करायचं? तर सोसायटी काय करू शकते ते सांगतो. हे आपल्याला नवीन नाही. आपली सोसायटी दुसऱ्या सहकारी संस्थेची भागधारक असली, तर तिच्या सभेला आपला एक प्रतिनिधी जातो. तो कसा जातो? ठराव होतो, सूचक असतो, अनुमोदक असतो. सगळे मिळून एका सभासदाला अधिकार देतात की जा, आमच्या वतीने मत दे. नगरसेवक समितीवर जातो ते याच तत्त्वाने. फरक इतकाच की, आपला प्रतिनिधी परत आला की पायऱ्यांवर भेटतो, आणि आपण विचारू शकतो, "काय झालं?"

म्हणून पहिली गोष्ट. निवडणुका येत राहतील. उमेदवार गेटवर येतील, हात जोडतील. आपण चहा पाजू, तो आपला शिरस्ता आहे. पण एक प्रश्न सगळ्यांना सारखाच विचारू: तुमच्यातून नियोजन समितीवर जो जाईल, तो वर्षातून दोनदा वॉर्डात येऊन हिशोब देईल का?

दुसरी गोष्ट, आपली मागणी लेखी करू. हद्दीवरच्या वसाहतींचं दुखणं सगळ्यांना माहीत आहे. नाला वसाहतीतून निघतो आणि पुढे गावाच्या शिवारात जातो. एका कार्यालयात सांगतात हद्दीबाहेर आहे, दुसऱ्या कार्यालयात सांगतात पाणी शहराचं आहे. पावसाळ्यात ते पाणी तळमजल्यावरच्या घरात आणि पलीकडच्या शेतकऱ्याच्या सोयाबीनमध्ये, दोन्हीकडे घुसतं. हा अगदी नियोजन समितीचा विषय आहे, कारण तो शहर आणि गाव दोघांचा आहे. तेव्हा आपण ठराव करू, सोबत नकाशा लावू, अंतर्गत रस्ते आणि मोकळी जागा महापालिकेकडे हस्तांतरित झाल्याचे कागद जोडू, आणि पलीकडच्या ग्रामपंचायतीलाही तसाच ठराव करायची विनंती करू. दोन ठराव एका फाइलीत गेले तर तिचं वजन वेगळं असतं.

तिसरी गोष्ट. समितीच्या बैठकीचं इतिवृत्त मागता येतं. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे, तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. आपल्या सोसायटीत निवृत्त माणसं भरपूर. रोज सकाळी बाकावर बसून देश चालवतोच आपण, त्यातला अर्धा तास जिल्ह्याला देऊ.

आणि चौथी गोष्ट, आपल्यापासून सुरुवात. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मी एक ठराव मांडणार आहे. सोसायटीतर्फे जो कुणी बाहेरच्या संस्थेच्या सभेला जाईल, त्याने पंधरा दिवसांत एक पानाचा लेखी अहवाल नोटीस बोर्डावर लावावा. तिथे काय ठरलं, त्याने मत कुणाला दिलं आणि का दिलं, एवढंच. आपण आपल्या माणसाकडून एवढं घेऊ शकलो, तर नगरसेवकाकडून मागताना आपला आवाज चाचरणार नाही.

ठरावाला सूचक मी आहे. अनुमोदक पाहिजे. जेवण झाल्यावर माझ्याकडे नाव द्या.