गाजर गवतानं गायरान गिळायच्या आत
(ईट, ता. भूम येथील बैठकीतलं भाषण)



गायरानात पवना, मारवेल दिसंना झालंय. गाजर गवत नुसती जागा अडवत नाही, विष सोडतंय. त्याच्या मुळातून, कुजल्या पानातून पार्थेनिन नावाचं द्रव्य मातीत उतरतं. मग शेजारच्या गवताचं बी उगवत नाही. उगवलं तरी मूळ धरत नाही. हे आपल्याकडचं नव्हंच. १९५५ च्या सुमाराला पुण्यात दिसलं, अमेरिकेच्या गव्हाबरोबर आलं म्हणतात. गहू खाल्ला कुणी, आन् निस्तरतोय कोण!

१४ एप्रिल १९९० च्या आधीपासून गायरान कसणाऱ्या भूमिहीन आदिवासी-दलितांच्या नावावर जमीन करायचा सरकारी निर्णय आहे. पण पंचनाम्याला आलेला माणूस हे गवत बघून 'पडीक' लिहून जातो. त्या एका शब्दानं आपली वहिवाट पुसली जाते.

म्हणून फुलाच्या आधी, माती ओली असतानाच मुळासकट उपटा. हाताला फडकं बांधा, अंगाला खाज सुटते. एका झाडाला हजारो बिया असतात. मोकळ्या जागी पावसाच्या तोंडाला तरोट्याचं बी फेका, तो ह्याला दाबतो. वर कोवळ्या पाल्याची भाजी होते.

पहिल्या पावसानंतर घरटी एक माणूस गायरानात पाहिजे.