लोकप्रशासनात एम.ए. करायचं का? आणि करायचं तर कशासाठी?

हेडफोन लावलेत ना? बसमध्ये असाल, मेसच्या रांगेत असाल, नाहीतर अभ्यासिकेच्या गच्चीवर चहा घेत असाल, जिथं असाल तिथं ऐका. आजचा विषय तुमच्यातल्याच बऱ्याच जणांनी विचारलेला आहे. प्रश्न साधारण असा असतो: "ताई, बी.ए. झालंय, एमपीएससी चालू आहे, सोबत लोकप्रशासनात एम.ए. टाकून देऊ का?"

यातलं "टाकून देऊ का" मला गमतीशीर वाटतं. जणू चहात आलं टाकायचंय. हे एम.ए. मी केलंय, रेग्युलर, दोन वर्षं, हजेरी भरून. त्यामुळं थोडं अधिकारानं बोलते.

आधी खरं कारण बोलून टाकू. एम.ए.ला नाव घातलं की होस्टेलची खोली राहते, लायब्ररीचं कार्ड राहतं आणि गावाकडं "सध्या काय करतोस?" असं कुणी विचारलं तर द्यायला उत्तर मिळतं. यात वाईट काही नाही. शहरात खोलीचं भाडं काय आहे हे मला माहीत आहे. पण बावीस ते चोवीस ही दोन वर्षं फक्त पत्ता टिकवायला खर्च होणार असतील, तर ते महाग पडतं.

दुसरं कारण परीक्षेचं. यूपीएससीमध्ये लोकप्रशासन हा वैकल्पिक विषय १९८७ पासून आहे. मध्ये तो फार जोरात होता. २०१३ ला मुख्य परीक्षेत दोनऐवजी एकच वैकल्पिक विषय झाला, त्यानंतर त्याला ओहोटी लागली. आता आपल्याकडं राज्यसेवेची मुख्य परीक्षासुद्धा वर्णनात्मक झालीय आणि तिथंही १७५० पैकी ५०० गुण वैकल्पिक विषयाचे आहेत. म्हणून पुन्हा या विषयाच्या झेरॉक्स नोट्सना भाव आलाय. एम.ए.चा अभ्यासक्रम आणि या परीक्षेचा अभ्यासक्रम बराचसा एकमेकांवर बसतो, हे खरं. पण वर्गातला पेपर "अमक्याचे विचार स्पष्ट करा" असं विचारतो आणि परीक्षा विचारते, "हे विचार आज जिल्हाधिकारी कार्यालयात कुठं दिसतात?" पहिल्याचं उत्तर गाईडमध्ये मिळतं. दुसऱ्याचं मिळत नाही. आणि स्पर्धेचा आकडा डोळ्यांसमोर ठेवा. २०२३ च्या तलाठी भरतीत जागा होत्या साडेचार हजारांच्या आसपास, अर्ज आले दहा लाखांच्या वर. त्या परीक्षेला कुठलीही पदवी चालते. तुमच्या एम.ए.ला तिथं कुणी विचारत नाही.

मग करायचं कशाला? तर विषयासाठी. हो, मला माहितीय, हे ऐकून तुम्ही पंधरा सेकंद पुढं ढकलणार. थांबा जरा.

या विषयाची सुरुवात सांगतात ती १८८७ पासून. वुड्रो विल्सन, जे पुढं अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले, ते तेव्हा प्राध्यापक होते. त्यांनी एक निबंध लिहिला. त्यांचा मुद्दा असा की राज्यघटना लिहिणं अवघड असेलही, पण ती रोज चालवणं त्याहून अवघड होत चाललंय, आणि त्याचा स्वतंत्र अभ्यास व्हायला हवा. आता हे आपल्याला लावून बघा. आपल्याकडं संविधानावर भाषणं भरपूर होतात. ते चालवणारा कारकून, ग्रामसेवक, अंगणवाडी सेविका यांच्यावर किती होतात? आपल्या राज्यातही या अभ्यासाची मुळं जुनी आहेत. नागपूर विद्यापीठात लोकप्रशासन आणि स्थानिक स्वराज्य यांचा स्वतंत्र विभाग स्वातंत्र्यानंतर दोन-तीन वर्षांतच सुरू झाला. १ मे १९६२ ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा उभ्या राहिल्या. म्हणजे ज्या यंत्रणेचा अभ्यास करायचा ती आपल्या दारातच आहे.

सिद्धांत कंटाळवाणे असतात असं म्हणतात. काही असतातच. पण काही एकदम भारी आहेत. लूथर गुलिक यांनी १९३७ मध्ये व्यवस्थापनाची सगळी कामं एका शब्दात कोंबली, 'पोस्डकॉर्ब'. नियोजन, संघटन, कर्मचारी, निर्देशन, समन्वय, अहवाल, अंदाजपत्रक. मुलं हे पाठ करतात. मग येतात हर्बर्ट सायमन, ज्यांना पुढं १९७८ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ते म्हणतात, ही तुमची तत्त्वं म्हणजे म्हणी आहेत, प्रत्येकीला उलटी म्हण सापडते. आपल्याकडं बघा ना, "शुभस्य शीघ्रम्" आणि "अति घाई संकटात नेई". दोन्ही खऱ्या. मग साहेबानं फाईलवर सही आज करायची की उद्या?

आणि फ्रेड रिग्ज. विकसनशील देशांतल्या कार्यालयांना त्यांनी नाव दिलं 'साला'. आमच्या वर्गात सर हा शब्द उच्चारायचे आणि मागच्या बाकावर दरवेळी हशा. स्पॅनिशमध्ये साला म्हणजे दालन, पण आमच्या मुलांना अर्थ आधीच कळला होता. थट्टा सोडा, रिग्ज यांचा मुद्दा मोलाचा आहे. नियम कागदावर एक आणि व्यवहार दुसराच, हा अपघात नसतो, त्या व्यवस्थेचा तो स्वभाव असतो.

हे मला पटलं ते शेवटच्या सेमिस्टरला. लघुप्रबंधासाठी मी एका पंचायत समितीत दीड महिना बसले. नाव सांगत नाही, कारण तिथल्या लोकांनी मला खुर्ची दिली, चहा दिला आणि फायली बघू दिल्या. विषय होता घरकुल. प्रधानमंत्री आवास योजना, ग्रामीण. सपाट भागात १ लाख २० हजार रुपये, तेही हप्त्यांनी. जोत्यापर्यंत काम आलं की फोटो, तो ठिकाणासकट ॲपवर चढवायचा, मग पुढचा हप्ता. कागदावर सरळ. मला शोधायचं होतं, उशीर कुठं होतो?

मी गेले तेव्हा मनात उत्तर तयार होतं, तुमच्याही असेल: पैसे खातात. काही ठिकाणी खातही असतील. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अपहाराचे चाळीस प्रकार सांगितलेत, म्हणजे विषय काही नवा नाही. पण मी जेवढ्या फायली पाहिल्या त्यांतल्या बहुतेक अडकल्या होत्या त्या वेगळ्याच गोष्टींवर. एक बाई होत्या, नवरा वारलेला. यादीत नाव होतं, मंजुरी जवळ आलेली. घराची जागा मात्र सासऱ्यांच्या नावच्या सातबाऱ्यावर आणि सासरे जाऊन बरीच वर्षं झालेली. म्हणजे आधी वारस नोंद. ती तलाठ्याकडं. फेरफार धरला की नोटीस, हरकतीसाठी पंधरा दिवस, मग मंडळ अधिकाऱ्याची सही. तलाठी महसूल विभागाचे, पंचायत समिती ग्रामविकास विभागाची. दोन्ही कार्यालयं एकाच रस्त्यावर, समोरासमोर. मध्ये फक्त एक रसवंतीचं दुकान. घरकुलाचा कारकून म्हणायचा, "नोंद आणा, लगेच करतो." तलाठ्यांकडं दोन सज्जांचा कार्यभार, ते आठवड्यातून दोनच दिवस भेटायचे. आणि त्या बाई ज्या दिवशी कामावर जायच्या नाहीत त्या दिवशी मजुरी बुडायची.

त्या सगळ्यात वाईट वागणारं कुणीच नव्हतं. कारकून नीट बोलायचा. तलाठी उद्धट नव्हते. प्रत्येक जण आपल्या टेबलापुरता बरोबर होता. पोस्डकॉर्बमधला समन्वय, जो आम्ही पाठ केला होता, तो त्या रस्त्यावर त्या बाई स्वतः करत होत्या, पायी, आपल्या मजुरीच्या खर्चानं. सरकारनं न केलेलं काम नागरिकाच्या अंगावर पडतं आणि त्याची नोंद कुठल्याच रजिस्टरमध्ये होत नाही. माझ्या एम.ए.चं सगळं मोल मी या एका गोष्टीत धरते.

दुसरी एक गोष्ट तिथंच लक्षात आली. माणूस अर्ज घेऊन येतो, त्याला एक त्रुटी सांगतात. तो ती पूर्ण करून येतो, मग दुसरी. मायकेल लिप्स्की या अभ्यासकाचं १९८० चं पुस्तक आहे, लोकांशी थेट संबंध येणाऱ्या खालच्या कर्मचाऱ्यांवर. त्यांचं म्हणणं, काम जास्त आणि माणसं कमी असली की हे कर्मचारी आपापल्या युक्त्या काढतात, आणि लोकांना मिळतं ते धोरण म्हणजे प्रत्यक्षात त्या युक्त्याच असतात. एकेक त्रुटी सांगणं ही तशी युक्ती. आता आपल्याकडं २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळायला हवी, नाहीतर अपील, आणि दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड. पण मुदतीचं घड्याळ चालू होतं ते परिपूर्ण अर्ज आल्यावर. अर्ज परिपूर्णच होऊ दिला नाही तर? घड्याळ बंदच. कायदा वाचून हे कळत नाही. बाकावर बसून कळतं. (तुम्ही कुठं अर्ज दिलात तर पोच आणि अर्ज क्रमांक घ्या, आणि "त्रुटी असतील तर सगळ्या एकदम लेखी द्या" असं म्हणा. नम्रपणे. फरक पडतो.)

आता पोटापाण्याचं. या पदवीनं थेट नोकरी लागत नाही, हे कुणीही गोड करून सांगू नये. नेट-सेट करून प्राध्यापक व्हायचं ठरवलंत तर मुळात जागा कमी आणि तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं काढणारे माझे सीनियर्स मी पाहतेय. संस्था, संशोधन प्रकल्प, योजनांचं मूल्यमापन करणाऱ्या एजन्सी इथं कामं मिळतात, पण तिथं पदवीपेक्षा तुम्हाला फील्डवरून माहिती आणता येते का, एक्सेल येतं का, मराठीत आणि इंग्रजीत साफ टिपण लिहिता येतं का हे बघतात. मुख्यमंत्री फेलोशिपला तर कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो. सगळ्यात जास्त उपयोग कुणाला होताना पाहिला सांगू? आधीच नोकरीत असलेल्यांना. आमच्या वर्गात एक पोलीस हवालदार होते आणि एक नगरपरिषदेतल्या लिपिक मॅडम. सर सिद्धांत सांगायचे आणि या दोघांकडं उदाहरण तयार.

तुम्ही नोकरी करत असाल किंवा घरची परिस्थिती बेताची असेल तर मुक्त शिक्षण बघा. इग्नूचं एम.ए. लोकप्रशासन कुठल्याही पदवीवर करता येतं, दोन वर्षांत, नाही जमलं तर चार वर्षांपर्यंत, आणि त्यांची पुस्तकं चांगली आहेत. रेग्युलर करणार असाल तर पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या विद्यापीठांत विभाग आहेत. तिथं प्रवेशाआधी जा आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलांना एकच विचारा: फील्डवर्क खरंच होतं का, की जुने प्रबंध नवीन कव्हर घालून जमा होतात? ते खरं सांगतात. कँटीनमध्ये विचारा म्हणजे झालं.

आणि त्याच्याही आधी एक सकाळ काढा. जवळच्या तहसील कार्यालयात किंवा पंचायत समितीत बाहेरच्या बाकावर दोन तास बसा. फोन खिशात. कोण येतंय, कुणाला कुठल्या टेबलावर पाठवलं जातंय, कोण परत जातंय, एवढंच बघा. अर्ध्या तासात कंटाळा आला तर इतिहास घ्या, मानसशास्त्र घ्या, काही बिघडत नाही. पण "या माणसाला तिकडं का पाठवलं असेल?" असा प्रश्न डोक्यात किडा सोडून गेला, तर फॉर्म भरा. आणि शेवटच्या दिवसाची वाट बघू नका, त्या दिवशी साइट उघडत नाही.