लांबपुच्छ कोंबड्यांची पैदास



जपानच्या शिकोकू बेटावर, ज्या मुलखाला पूर्वी तोसा म्हणत आणि आज कोची म्हणतात, तेथे कोंबड्यांची एक अशी जात पिढ्यानुपिढ्या सांभाळली गेली आहे की जिच्या नराची शेपटीची पिसे सृष्टीचा सर्वसाधारण नियम मोडून वर्षानुवर्षे अंगावर टिकतात आणि वाढतच राहतात. या जातीचे नाव ओनागादोरी. एरवी कोणताही कोंबडा वर्षातून एकदा, बहुधा शरद ऋतूत, जुनी पिसे टाकून नवी धारण करतो. ओनागादोरीच्या नराची शेपटीची व कमरेवरची काही पिसे मात्र गळत नाहीत, दरसाल पाऊण ते एक मीटर वाढतात, आणि १९७२ साली अशा एका कोंबड्याचा पिसारा १०.६ मीटर भरल्याची नोंद झालेली आहे. जपान सरकारने १९२३ मध्ये या जातीला नैसर्गिक स्मारकाचा दर्जा दिला आणि १९५२ मध्ये तिला विशेष नैसर्गिक स्मारकाच्या पदवीस चढविले. हा वरचा मान मिळालेली कोंबड्यांची ही एकच जात आहे.

हे वैभव निव्वळ दैवयोगाचे नव्हे. तोकुगावा शोगुनांच्या अमदानीत तोसा प्रांतावर यामाउची घराण्याचा अंमल होता, आणि त्या काळच्या दंडकाप्रमाणे प्रत्येक प्रांताधिपतीस ठरावीक मुदतीने एदो येथे शोगुनाच्या दरबारी हजर व्हावे लागे. या स्वारीच्या लवाजम्यात जे भाले मिरवीत, त्यांच्या म्यानांना लांब पिसांनी शृंगारण्याची चाल होती. साहजिकच लांब पिसाच्या कोंबड्याला मोल आले आणि खेड्यांतील पाळणाऱ्यांना निवडीची दृष्टी आली. पुढे दरबार गेला, स्वाऱ्या गेल्या, पिसांची मागणी सरली. परंतु निवडीची ती दृष्टी तोसातील घराघरांत वडिलोपार्जित वतनासारखी शिल्लक राहिली, आणि आज जो पिसारा पाहून जग थक्क होते तो या दृष्टीचा परिपाक आहे.

तेव्हा पैदाशीसाठी पक्षी निवडावयाचे ते कशावरून, हा प्रश्न येथे महत्त्वाचा ठरतो. ज्याची शेपटी सर्वांत लांब तो नर पैदाशीस धरावा, हे उत्तर कोणासही प्रथमदर्शनी सुचेल. पण ते अपुरे आहे. लांबी ही वयाची आणि निगेचीही कमाई असते. चार वर्षांचा मध्यम प्रतीचा कोंबडा दोन वर्षांच्या अव्वल कोंबड्यापेक्षा सहज लांब भरेल, आणि उत्तम कुळातला पक्षी चिखलात वाढला तर पिसे तुटून आखूड दिसेल. म्हणून जाणता पाळणारा पिसाच्या टोकाकडे न पाहता मुळाकडे पाहतो. पक्षी काखेत धरून कमरेवरची मऊ लव बोटांनी हलकेच बाजूला सारावी आणि शेपटीच्या पिसाचा दांडा कातडीतून जेथे बाहेर येतो ती जागा उजेडात धरावी. वाढ चालू असलेल्या पिसाचा दांडा तेथे मऊ, फुगीर आणि आतल्या रक्तामुळे काळसर निळा दिसतो. वाढ संपलेल्या पिसाचा दांडा कठीण, पांढुरका व पोकळ असतो. शरद ऋतू येऊन इतर अंगावरची पिसे झडू लागली असताना ज्याच्या शेपटीची मुळे अशी रसरशीत असतात, तो नर खरा. ही पारख पिलाच्या पहिल्या वर्षी करता येत नाही. तिचा निकाल दुसऱ्या शरदाच्या आधी लागत नाही. पहिल्या वर्षीच देखणेपणावर भाळून निवड उरकणाऱ्याच्या पदरी पुढे निराशा येते, ती या घाईपायी.

यापुढचा मुद्दा त्याहून गहन आहे, आणि आजच्या भाषणाचा खरा विषयही तोच आहे. पिसारा नराला असतो, पण त्या पिसाऱ्याचे बीज केवळ नराकडून येत नाही. मादीची शेपटी इतर कोंबड्यांच्या मानाने थोडी लांब असली तरी ती दरसाल गळते. त्यामुळे तिच्या अंगात न गळण्याचा गुण कितपत आहे हे तिच्याकडे पाहून कळण्यास मार्ग नसतो. तरीही तिच्या प्रत्येक पुत्राच्या अंगी निम्मा वारसा तिचाच उतरतो. जो पाळणारा नराच्या निवडीत डोळ्यांत तेल घालतो आणि मादी म्हणून हाताला येईल ती तलंग खुराड्यात सोडतो, तो आपल्या हाताने अर्धे काम वाया घालवीत असतो. मादीची किंमत तिच्या बापावरून, तिच्या सख्ख्या भावांवरून आणि सरतेशेवटी तिच्या पुत्रांवरून ठरवावी लागते. जिचे चार पुत्र शेपटी न गाळता दुसरा शरद ओलांडून गेले, ती कोंबडी दिसायला कितीही साधी असो, तिला म्हातारपणापर्यंत जपावे. आणि जिच्या पुत्रांनी शेपट्या टाकल्या तिला, तिचा डौल कितीही असो, पैदाशीतून काढावे.

रंगाच्या बाबतीत हाच न्याय उलट्या दिशेने चालतो, ही गोष्ट मोठी उद्बोधक आहे. ओनागादोरीचा जो रुपेरी मानेचा वाण शिराफुजी या नावाने मान्य आहे, त्यातील रुपेरी रंगाचा गुण लिंगसूत्रावर असतो. नराच्या अंगी अशी दोन सूत्रे असतात, मादीच्या अंगी एकच, आणि तेही तिला बापाकडूनच मिळते. त्यामुळे रुपेरी दिसणाऱ्या नराच्या पोटी सोनेरी रंगाचा गुण दडून राहू शकतो. मादीच्या अंगी मात्र त्याला दडण्यास जागाच नसते. रुपेरी जोडीच्या पिलांत एखादी तलंग सोनेरी निघाली, तर तो दोष बापाचा समजावा आणि तो नर शुद्ध रुपेरी वाणासाठी वापरू नये. पिसाऱ्याच्या बाबतीत पुत्र आईची पारख करून देतात, रंगाच्या बाबतीत कन्या बापाची.

हे सारे साधावयाचे तर नोंदवहीवाचून गत्यंतर नाही. प्रत्येक अंड्यावर आईची खूण, प्रत्येक पिलाच्या पायात कडी, आणि दप्तरात आईबाप, जन्मतारीख, पहिल्या व दुसऱ्या शरदातील शेपटीची स्थिती, अंडी किती फळली आणि पिले किती जगली याचा तपशील, एवढे तरी हवेच. शेवटच्या दोन रकान्यांची उपेक्षा करू नये. ज्या जातीत पक्षी मोजके असतात, तेथे भाऊबहिणींचे जोड लावण्याचा मोह होतो. दोनचार पिढ्या रूप उजळतेही, पण मग अंडी फळेनाशी होतात, पिले रोडावतात आणि रोग सहज शिरतो. यासाठी एकाच जातीच्या निदान दोनतीन शाखा वेगवेगळ्या राखाव्यात आणि एकीचा नर दुसरीच्या मादीस द्यावा. परक्या जातीचे रक्त आणणे हा उपाय सोपा दिसतो, पण त्याचे मूल्य जबर असते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे पक्षी युरोपात पोचले, आणि जर्मनीत ह्यूगो द्यू रॉय यांनी स्थानिक कोंबड्यांशी त्यांचा संकर करून फिनिक्स नावाची जात सिद्ध केली. ती काटक आणि सुंदर आहे यात शंका नाही. परंतु तिची पिसे बहुधा दरसाल गळतात, आणि तोसाचा तो अखंड वाढणारा पिसारा तिच्यात टिकलेला नाही.

प्रदर्शनाचा पक्षी आणि पैदाशीचा पक्षी हे एकच असावेत, असाही आग्रह धरू नये. तोसामध्ये लांब पिसाऱ्याचा नर तोमेबाको नावाच्या उंच, अरुंद कपाटात दांडीवर बसवून ठेवतात. त्याची शेपटी मातीला न लागता खाली लोंबत राहते, आणि त्याला हिंडण्यासाठी बाहेर काढले की पिसारा हातांवर तोलून धरावा लागतो. असे जिणे पिसाला मानवते, प्रजोत्पादनाला मानवत नाही. पैदाशीच्या नराला ऊन, माती आणि मोकळे अंगण हवे, आणि माद्यांमध्ये वावरताना त्याची शेपटी झिजली किंवा छाटावी लागली तरी त्याच्या वारशात तसूभरही उणेपण येत नाही. म्हणून दोन सख्ख्या, सारख्याच गुणाच्या भावांपैकी एकाला कपाटात बसवावे आणि दुसऱ्याला अंगणात सोडावे, हाच मार्ग शहाणपणाचा आहे.

आपल्यापैकी जे कोणी हौसेसाठी सुंदर पक्षी पाळतात, मग ते कोंबडे असोत की कबुतरे, त्यांना माझी एवढीच विनंती आहे. नर निवडण्यास जेवढा वेळ देता तेवढाच मादी निवडण्यास द्या. रूप पाहण्यापूर्वी कूळ पाहा, आणि कूळ सांगणारी वही आजपासून लिहावयास घ्या. तिची पहिली ओळ मादीच्या नावे असू द्या.