दोन दारांची पेटी

नवी मुंबईत ऐरोलीला राज्य भार प्रेषण केंद्र आहे. महाराष्ट्राच्या विजेवर तिथून रात्रंदिवस लक्ष असतं. ही वीज वाहून नेणाऱ्या लांबलचक वीजवाहिनीचं गणित मांडताना अभियंते तिला दोन दारांची, म्हणजे प्रत्येक टोकाला एक दार असलेली, बंद पेटी मानतात. पेटी न उघडता आतलं कळणार कसं?

दुसरं दार मोकळं ठेवा, पहिल्यातून 1 अँपिअर सोडा, दोन्हीकडे व्होल्टेज मोजा. पहिल्या दारी 15 व्होल्ट, दुसऱ्या दारी 5 मिळाले, तर 15 आणि 5 ओहम हे पेटीचे दोन इम्पिडन्स अंक, म्हणजे व्होल्टेज भागिले प्रवाह. आता पहिलं दार मोकळं ठेवून तोच 1 अँपिअर दुसऱ्या दारातून सोडा. आत नुसते रोधक, कॉइल, कपॅसिटर असतील, तर पहिल्या दारी पुन्हा 5 व्होल्टच! हा मेळ मला फार सुंदर वाटतो. पेटीत ट्रान्झिस्टर आला की हा मेळ सहसा मोडतो.

विद्यार्थी मित्रांनो, प्रयोगशाळेत तीन रोधक जोडून हे स्वतः मोजून पाहाच.